धास्तीमावशी आणि सात नंबरची खोली

तळ्याकाठच्या त्या विश्रामगृहाच्या फाटकावर ठळक अक्षरांत पाटी होती : 'तान्ह्या मुलांना घेऊन निर्धास्त या.' पेंटरने ती एका दुपारात रंगवली आणि तो आपल्या वाटेने गेला. ती पाटी खरी ठेवण्यासाठी मात्र एका बाईने एकवीस वर्षं रोज गुडघे झिजवले.

तान्हं मूल घेऊन सहलीला निघणं म्हणजे काय असतं, हे ज्याने केलंय त्यालाच कळतं. अर्धं घर गाडीत भरायचं, उरलेल्या अर्ध्या घराची आठवण वाटेत काढत भांडायचं, आणि पोचल्यावर मूल नव्या जागेत झोपत नाही म्हणून आळीपाळीने फेऱ्या मारायच्या. अशा पिचलेल्या आईबापांसाठी ही जागा होती. बारा खोल्या, सगळ्या तळमजल्यावर. बाबागाडी ढकलता येईल अशा गुळगुळीत वाटा. घोटाभर पाण्याचा हौद, माणसाळलेली बदकं, बाटल्या उकळायला केव्हाही गरम पाणी. तळ्याच्या बाजूला कमरेएवढं कुंपण आणि त्याच्या फाटकाला मुलांना न उघडणारी कडी. लोक एकदा येत आणि दुसऱ्या मुलाच्या वेळी पुन्हा येत.

आणि खोलीची किल्ली हातात पडण्याआधी त्या खोलीतून धास्तीमावशी रांगून गेलेल्या असत.

होय, रांगून. हे त्यांचं काम होतं आणि ते त्यांनीच काढलं होतं. गुडघ्यांना जुन्या गादीच्या कापडाच्या घड्या बांधायच्या, कपाळावर पट्ट्याचा छोटा दिवा लावायचा आणि दारातून हातापायांवर आत शिरायचं. आधी डाव्या हाताची भिंत धरून पूर्ण फेरी, मग पलंगाखाली, मग पाळण्याखाली, शेवटी मधली जमीन. एकदा गुडघे टेकले की फेरी पुरी होईपर्यंत उठायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही. "उभा माणूस खोली बघतो ती छातीच्या वरची," त्या नव्या नोकरांना सांगत. "पोर राहतं ती खोली वेगळीच असते. तिथे जाऊन बघा, मग बोला." त्या खोलीत त्यांना टाचण्या सापडत, पेनांची टोपणं, शेंगदाणे, कानातल्याच्या फिरक्या, आणि एकदा कुणा आजोबांच्या रक्तदाबाची गोळी. झाडूवाली म्हणे, मी दोनदा झाडलंय. मावशी मुकाट्याने सापडलेली वस्तू तिच्या तळहातावर ठेवत.

ही धास्ती आली कुठून, ते सांगायला हवं. त्यांचा मुलगा दहा महिन्यांचा असताना त्याच्या घशात खेळण्यातल्या गाडीचं चाक अडकलं. मावशी दोन हातांच्या अंतरावर उभ्या होत्या, कपडे घडी करत. मूल निळं पडलं तेव्हा त्यांचे हातपायच गळाले. शेजारीण धावत आली, तिने पोराला पालथं घालून पाठीत थापट्या मारल्या, चाक बाहेर पडलं. पोरगं दोन मिनिटांत हसायला लागलं. आई अजून सावरायची होती. आता त्या पोराला दाढी आली, नोकरी लागली, लग्न झालं, तरी तो जेवताना खोकला की या घास टाकून उठत.

धास्तीमावशी हे नाव आचाऱ्याने ठेवलं आणि ते चिकटलं. त्याचा त्यांना राग नव्हता. येणाऱ्या आयांना त्या पहिल्याच भेटीत दरडावत, "केसातली पिन काढा आधी. गळ्यातले मणीही काढा." आया आधी चमकत, मग नवऱ्याकडे बघून हसत, आणि जाताना मावशींबरोबर फोटो काढत. परक्यांना त्यांची धास्ती तीन दिवस पुरायची आणि गोड वाटायची. घरच्यांना ती बारा महिने होती.

घरचे म्हणजे मुलगा, सून आणि अकरा महिन्यांची नात. नातीचं नाव मोठं होतं, पण गुटगुटीत म्हणून सगळे ठमी म्हणत. सून शाळेत चित्रकला शिकवायची. स्वभावाने मोकळी, हातांना कायम रंग लागलेले, आणि पोर मातीत बसलं तर बसू देणारी. रोज सकाळी सासूचा फोन जाई. खिडकी लावलीस का? बादली रिकामी केलीस का? एकदा ठमीच्या कपाळाला टेंगूळ आलं तर मावशी फोनवर पाऊण तास बोलल्या होत्या, आणि त्यातली चाळीस मिनिटं सून नुसती "हो आई, हो आई" म्हणत होती.

तर ही मंडळी पहिल्यांदाच ठमीला घेऊन सहलीला निघाली, आणि मावशींच्याच विश्रामगृहावर यायची ठरली. मॅनेजरबाईंनी सात नंबरची खोली दिली, तळ्यापासून सगळ्यात लांबची. मावशींनी आठ दिवस आधीपासून तिच्या पाळण्याचे स्क्रू आवळले. मंडळी चार वाजता पोचणार होती. दोन वाजता मावशी सात नंबरच्या दारात गुडघे टेकून आत शिरल्या.

भिंत झाली. पलंग झाला. पाळण्याखाली असताना दिवा मंदावला. त्या दिव्यात शर्टाच्या मोठ्या बटणाएवढा चपटा सेल असे. मावशींचा त्यालाही नियम होता : जुना सेल काढला की लगेच त्याला चिकटपट्टी गुंडाळायची आणि एप्रनच्या खिशात टाकायचा. तीन वर्षांपूर्वी मॅनेजरबाईंनी एका डॉक्टरांना बोलावलं होतं. त्यांनी असाच एक वापरलेला सेल मांसाच्या तुकड्यावर ठेवून दाखवला होता. व्याख्यान संपेपर्यंत तिथे काळा खड्डा पडला होता. "दिवा पेटवायला हा निकामी," डॉक्टर म्हणाले होते, "पण ओल्या गळ्याला जाळायला अजून भरपूर आहे. दोन तासांत." त्या दिवशी मावशी जेवल्या नव्हत्या.

त्यांनी जुना सेल काढून गुडघ्याशी ठेवला. नवा बसवला. चिकटपट्टीसाठी खिशात हात घातला, आणि बाहेर गाडीचं दार वाजलं, आणि ठमीचा आवाज आला. मंडळी दीड तास आधीच पोचली होती.

एकवीस वर्षांत मावशी अर्ध्या फेरीतून कधी उठल्या नव्हत्या. आग लागल्याची घंटा वाजली तेव्हासुद्धा उठल्या नव्हत्या. ती चाचणी निघाली म्हणून बरं. त्या दिवशी उठल्या. आजी होत्या हो, दुसरं काय. गुडघ्याच्या घड्या तशाच, कपाळावर दिवा तसाच पेटलेला, अशा त्या बाहेर धावल्या. ठमी त्या दिव्याकडे बघून खिदळली, आणि मावशींचं भान गेलं ते संध्याकाळपर्यंत परत आलं नाही. बदकं दाखवून झाली, हौदात पाय बुडवून झाले. नोंदवहीतल्या 'खोली तपासली' या रकान्यात त्यांनी सही केली तेव्हा ती खोटी आहे हे त्यांच्या मनातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेअकराला त्या तीन नंबरच्या खोलीत पलंगाखाली होत्या. दिवा लख्ख पडला होता. भिंतीच्या कडेला मुंगी दिसावी इतका लख्ख. मावशी बऱ्या मनाने पुढे सरकल्या आणि मग थांबल्या. काल तर हा मंद झाला होता. आज एवढा कसा? नवा सेल घातला म्हणून. मग जुना?

त्यांनी खिसा चाचपला. चिकटपट्टीचं रीळ होतं. रुमाल होता. खिसा उलटा केला. पलंगाखालून बाहेर यायला त्यांना दोनदा प्रयत्न करावा लागला.

सात नंबरपर्यंत त्या चालत गेल्या की धावत, हे त्यांना पुढे कधी आठवलं नाही. दार उघडं होतं. मुलगा आंघोळीला गेला होता, आतून पाण्याचा आवाज येत होता. सून जमिनीवर पाय पसरून बसली होती आणि ठमी तिच्या मांडीला टेकून कुरकुरत होती. वाटीत कुस्करलेलं केळं तसंच होतं.

"काय गं, खात नाही का?" मावशींनी विचारलं.

"सकाळपासून किरकिर चाललीये. दात येत असतील," सून म्हणाली. ठमीच्या हनुवटीवरून लाळ गळत होती. झबलं छातीपर्यंत ओलं होतं.

आणि इथे मावशींनी जे केलं ते सांगायला मलाही जड जातं. त्यांनी सांगायला हवं होतं. चार शब्दांचं काम होतं : माझ्या हातून सेल पडलाय. ते शब्द जिभेवर आले आणि तिथेच बसले. जिने जन्मभर दुसऱ्यांच्या आयांना धारेवर धरलं, जिने या पोरीला एका टेंगळावरून पाऊण तास ऐकवलं, तिने आता हिच्यासमोर काय तोंड उघडायचं? लोकां सांगे ब्रह्मज्ञान! आधी सापडतोय का बघू, सापडला की प्रश्नच मिटला, असं त्यांनी मनाशी म्हटलं आणि गुडघे टेकले.

"आई, परत?" सून हसली. "काल झालं ना सगळं?"

"उगाच गं. एखादी टाचणी राहिली असेल."

पाळण्याखाली नाही. पाळण्याच्या चाकामागे नाही. पलंगाच्या पायांशी, पडद्याच्या घडीत, चटईच्या चारी कोपऱ्यांखाली नाही. त्यांनी डावी भिंत धरली, मग उजवी, मग क्रमच विसरल्या आणि एकाच कोपऱ्यात तीनदा गेल्या. तळहातांना घाम फुटून ते फरशीवर घसरत होते. दिवा सगळीकडे स्वच्छ, रिकामी, पुसलेली जमीन दाखवत होता. मागे ठमी कुरकुरायची, थांबायची, पुन्हा कुरकुरायची. प्रत्येक वेळी ती थांबली की मावशी मागे वळून बघत होत्या. आत्ता सांगते, ही भिंत झाली की सांगते. भिंत संपायची आणि त्या पुढची धरायच्या. अशी वीस मिनिटं गेली.

मग सुनेने ठमीच्या ओठांना पाण्याचा चमचा लावला. ठमीने घोट घेतला, तो गिळताना तिचा चेहरा वेडावाकडा झाला आणि ती किंचाळली. पाणी लाळेबरोबर बाहेर आलं. त्या पाण्यात गुलाबी छटा होती.

मावशी रांगतच सुनेपुढे आल्या.

"दिव्याचा सेल," त्या म्हणाल्या. "जुना सेल. काल माझ्या हातून इथे राहिला. मी उठून गेले गं. तो सापडत नाहीये."

सुनेला कळायला क्षणभर लागला. मग तिने न्हाणीघराच्या दारावर असा काही हात मारला की मुलगा ओल्या अंगानेच बाहेर आला.

मोठं इस्पितळ अर्ध्या तासावर होतं. मुलगा गाडी हाकत होता, मागच्या सीटवर सुनेच्या मांडीवर ठमी, शेजारी मावशी. काही द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही, उलटी काढायची नाही, हे त्यांना व्याख्यानातून पाठ होतं आणि तेवढंच त्यांनी सांगितलं. ठमी आता रडत नव्हती, आणि ते जास्त वाईट होतं. मावशी तिच्या छातीकडे बघत होत्या. वर होते, खाली होते. वर होते, खाली होते. एका चौकात गाडी सिग्नलला थांबली, तेव्हा पलीकडच्या गाडीतलं एक मूल काचेला नाक लावून त्यांच्याकडे बघून हसलं. मावशींनी डोळे मिटून घेतले.

इस्पितळात सगळं भराभर झालं. ठमीला फळीवर धरून एक्स-रे काढला. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर बोट ठेवलं. गळ्याच्या थोडं खाली एक पांढरं वर्तुळ होतं आणि त्याच्या कडेला आत आणखी एक वर्तुळ. "दुहेरी कड दिसते ना? हा सेलच," त्या म्हणाल्या. "लगेच आत घेतोय. दुर्बिणीने काढू." मुलाने सही केली तेव्हा त्याचं अक्षर त्याचं राहिलं नव्हतं.

परिचारिका ठमीला घेऊन गेली. डॉक्टरीणबाई हातमोजे चढवता चढवता थांबल्या.

"मला वेळ सांगा. किती वाजता गिळला, काही अंदाज? घरात कधी कळलं?"

"सव्वाअकराच्या आत," मुलगा म्हणाला. "पाच-दहा मिनिटं इकडे-तिकडे. कळल्याबरोबर निघालो आम्ही."

तो खोटं बोलत नव्हता. त्याला तेवढंच माहीत होतं. मावशी भिंतीला टेकून उभ्या होत्या. गुडघ्यांना घड्या अजून बांधलेल्याच होत्या. त्या गप्प राहिल्या असत्या तर जगात कुणाला कळलं नसतं.

"पावणेअकरा," मावशी म्हणाल्या. "मला पावणेअकराला कळलं होतं. मी वीस मिनिटं सांगितलं नाही. शोधत बसले."

मुलगा वळला. "वीस मिनिटं? आई, तू?"

तो पुढे काही बोलणार होता. पण त्याआधी सून बोलली, आणि ती डॉक्टरीणबाईंकडे बघतही नव्हती, जमिनीकडे बघत होती.

"साडेनऊ," ती म्हणाली. "साडेनऊला तिने गिळला."

सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"ती पाळण्यापाशी खेळत होती. एकदम ठसका लागला. डोळ्यांत पाणी आलं, ओकारी आली. मी तोंडात बोट घालून बघितलं, काही नव्हतं. पाठीवर थोपटलं, मग थांबली. मला वाटलं केळ्याचा तुकडा असेल." तिने ओठ घट्ट दाबले. "मनात आलं होतं, आईंना विचारावं. त्यांना कळलं असतं. शेजारच्याच खोलीत होत्या त्या, मला आवाज येत होता. पण मी नाही सांगितलं. म्हटलं, आता रागावतील. तीन दिवस तेच ऐकावं लागेल."

डॉक्टरीणबाईंनी नुसती मान हलवली, "सव्वादोन तास झालेत, चला," असं आतल्या कुणाला तरी सांगितलं आणि दार लोटलं.

बाहेर एक लांब बाक होतं. मुलगा बसलाच नाही, जिन्यापर्यंत जाऊन परत येत राहिला. सासू-सून बाकाच्या दोन टोकांना बसल्या. मावशींना आता तीन नंबरच्या खोलीत जाण्याआधीचं सगळं आठवत होतं. साडेनऊला त्या आठ नंबरमध्ये होत्या. भिंतीपलीकडे ठसका लागला असणार. त्यांनी तो ऐकलाही असेल. पण त्या रांगत होत्या आणि रांगताना त्या कुणाचं काही ऐकत नसत. एक हाक आली असती तर त्या तशाच धावल्या असत्या. हाक का आली नाही, तेही त्यांना आता नीट कळलं होतं. एकवीस वर्षं त्यांनी जमिनीवरची एकेक टाचणी वेचली होती, आणि घरात एक माणूस त्यांना काही सांगायला घाबरत होतं, ते त्यांना दिसलं नव्हतं.

"मी रागावलेच असते," त्या म्हणाल्या. "खोटं नाही बोललीस तू."

सुनेच्या नखांत निळा रंग होता आणि ती तो खरवडत होती.

"आधी पोराला बघितलं असतं, मग रागावले असते. पण रागावले असते."

"आणि मी ऐकून घेतलं असतं," सून म्हणाली. "हो आई, हो आई. आज तेवढंच करायला हवं होतं मी." आणि मग ती रडली, वाकून, दोन्ही हात तोंडावर घेऊन. मावशींना तिच्या पाठीवरून हात फिरवावासा वाटला. आपला हात तिला चालेल की नाही, हे त्यांना ठरवता येईना. हात बाकावर अर्ध्या वाटेत तसाच राहिला.

दार उघडलं तेव्हा साडेबारा झाले होते. डॉक्टरीणबाईंच्या हातात झाकणाची बाटली होती आणि तिच्यात तो काळवंडलेला सेल. "निघाला," त्या म्हणाल्या. "अन्ननलिकेला आतून भाजलंय. भोक पडलेलं नाही, हे नशीब. पण लगेच हुरळून जाऊ नका. जखम आठवड्याभरानेही चिघळू शकते. नाकातून नळी घालून दूध द्यावं लागेल, आणि इथेच ठेवावं लागेल. खोकला, ताप, रक्त, काहीही वाटलं तर त्याच क्षणी हाक मारा. क्षुल्लक वाटलं तरी मारा. आम्ही रागावत नाही."

शेवटचं वाक्य त्यांनी सहज म्हटलं असेल. बाकावरच्या दोघींनी एकमेकींकडे बघितलं नाही.

ठमीला वॉर्डातल्या खोलीत आणलं तेव्हा तिच्या नाकाला नळी होती, गालावर पट्टी होती, आणि औषधाच्या गुंगीत डोळे अर्धवट मिटलेले होते. सुनेने तिला छातीशी घेतलं. बराच वेळ ती तशीच उभी राहिली. मुलगा औषधं आणायला खाली गेला. मग परिचारिकेने कागदांवर आईची सही हवी म्हणून हाक मारली, आणि सुनेने इकडेतिकडे पाहिलं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

"घ्या," ती म्हणाली.

मावशी उठल्या. त्यांनी शेकडो आयांना शिकवलं होतं, मान कशी धरायची, ढेकर कशी काढायची, कोणता हात कुठे. त्यांनी पदराला हात पुसले, पुढे केले, आणि मध्येच थांबल्या.

"कशी धरू?" त्यांनी सुनेला विचारलं. "तू सांग."